हुंदक्यानंतर लगेच मसाला

पाहुण्या बाई आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होत्या. आवाज भरून आला, हुंदका बाहेर पडला आणि पुढचे चार-पाच सेकंद नुसती शांतता. मराठी पॉडकास्टमध्ये इतका वेळ कोणीच बोलत नाही म्हणजे नक्की काहीतरी मोठं घडलेलं असतं. तेवढ्यात मुलाखतकाराचा आवाज आला, ‘खरंय ताई, आईच्या हातची चव ती आईच्याच हातची! आणि तीच चव आता...’ मग मसाल्याचं नाव, पाकिटाचा रंग, दहा टक्के सवलतीचा कोड. कोड इंग्रजीत, एकेक अक्षर फोडून. तो संपल्यावर पुन्हा मूळ पदावर, ‘हं, तर ताई, आई गेल्यानंतर...’

कार्यक्रमाचं नाव घेत नाही. हा रोग एकट्यादुकट्याचा असता तर घेतलं असतं.

सध्या आपल्याकडे पॉडकास्टचं पीक जोमात आहे. दोन खुर्च्या, दोन माइक, मागच्या भिंतीवर निऑनची अक्षरं आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, एवढ्या भांडवलावर काम सुरू होतं. ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ अशा कार्यक्रमांनी एक गोष्ट दाखवून दिली, की तास-दीड तास गप्पा ऐकणारा मराठी श्रोता अस्तित्वात आहे. हे कळल्याबरोबर घरात ज्याला कोणी बोलू देत नाही, अशा प्रत्येकाने माइक मागवला. श्रोते वाढले तसे प्रायोजक आले. त्यांनी यावंच. फुकटात माणूस किती दिवस बोलणार? स्टुडिओचं भाडं, एडिटरचे पैसे, पाहुण्यांच्या चहाबरोबरची क्रीम बिस्किटं, हा खर्च कोणीतरी द्यायलाच हवा. मसाल्याशी आमचं वैर नाही. तो हुंदक्यावर भुरभुरला, याचं वाईट वाटतं.

या व्यवहाराला हल्ली ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप’ म्हणतात. ती जन्माला कशी येते?

कॅफेत बैठक असते. ब्रँडचा माणूस, एजन्सीची मुलगी आणि पॉडकास्टवाला. ब्रँडचा माणूस पहिलं वाक्य टाकतो, ‘आम्हाला जाहिरात नकोच आहे. काहीतरी ऑर्गॅनिक हवंय.’ पॉडकास्टवाल्याचे डोळे लकाकतात. मग एजन्सीची मुलगी चार पानांची फाइल पाठवते. ब्रँडचं नाव पहिल्या तीस सेकंदांत आलं पाहिजे, एकूण सात वेळा आलं पाहिजे. ‘प्रीमियम’ हा शब्द किमान दोनदा. पाहुण्याने कप उजव्या हातात धरावा, लोगो कॅमेऱ्याकडे. राजकारण, धर्म, जात, आजारपण आणि मृत्यू हे विषय टाळावेत. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा उल्लेख नको, अगदी पाहुणा पूर्वी तिथे नोकरीला असला तरी. आणि शेवटी, ‘बाकी क्रिएटिव्ह फ्रीडम पूर्णपणे तुमचं.’ बाकी काय उरतं? हवामान. तेही पावसाळ्यात जपून, कारण पुढच्या तिमाहीत छत्रीवाल्यांशी बोलणी चालू आहेत.

यानंतर अ‍ॅप्रूव्हलची यात्रा. स्क्रिप्ट एजन्सीकडे, तिथून ब्रँडकडे, तिथून ‘लीगल’कडे आणि शेवटी मालकांच्या सूनबाईंकडे, कारण त्यांना सोशल मीडियातलं कळतं. तिकडून शेरा येतो, ‘छानच झालंय! फक्त जरा तुमच्यासारखं कमी आणि आमच्यासारखं जास्त वाटू दे.’ पॉडकास्टवाला मान डोलावतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. टाळी वाजते, पण तिचा आवाज पोकळ येतो आणि तो श्रोत्याला पहिल्या तीन शब्दांत ओळखू येतो. आतापर्यंत बोलणारा माणूस आता वाचतोय, हे कळायला पदवी लागत नाही. डोंबिवलीहून दादरला निघालेल्या, एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या बाईसुद्धा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ‘पंधरा सेकंद पुढे’ हे बटण न बघता दाबतात. दोनदा दाबलं की मसाला गेला.

मुळात ब्रँडने विकत काय घेतलं होतं? नुसते डोळे आणि कान हवे होते, तर होर्डिंग काय वाईट होतं? सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी होर्डिंगखाली हजारो लोक अर्धा-अर्धा तास उभे असतात, दुसरीकडे कुठे जायची त्यांना सोय नसते. पॉडकास्टवाल्याकडे असतो तो एक आवाज. लोकांनी तो दोन वर्षं पोळ्या लाटताना ऐकलेला असतो, त्याच्या पाठदुखीपासून त्याच्या बॉसपर्यंत सगळं त्यांना ठाऊक असतं. हा माणूस एखादी वस्तू चांगली म्हणाला तर ती असेल बाबा चांगली, एवढाच तो काय तो माल. तो पैसे मोजून घ्यायचा आणि घेतल्याबरोबर त्याच्या तोंडात आपली चार पानं कोंबायची, याला धंदा म्हणत नाहीत. तरीही आपल्याकडे एमबीए झालेली माणसं हे रोज करतात आणि वर तिमाहीच्या प्रेझेंटेशनमध्ये ‘एंगेजमेंट का घसरली’ यावर बारा स्लाइड दाखवतात.

बरं, प्रायोजकाने किती लुडबूड करावी, हे कोडं काही आज पडलेलं नाही.

१९५२ साली नभोवाणी मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपलेच, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कडवे भक्त. त्यांना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी सोसेनात. गाणी हटली, तसा श्रोता उठला आणि समुद्र ओलांडून रेडिओ सिलोनवर जाऊन बसला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पैसे सिबा या स्विस कंपनीचे, टूथपेस्ट बिनाका, आवाज अमीन सयानींचा. निवेदन करायचं, स्क्रिप्ट लिहायची, वर श्रोत्यांच्या पत्रांचा ढीगही उपसायचा आणि या सगळ्याचे आठवड्याला पंचवीस रुपये. दुसरं कोणी एवढ्यात तयार होईना, म्हणून हे काम आपल्या गळ्यात पडलं, असं सयानी पुढे गमतीने सांगत. ‘बजेट कमी आहे, पण एक्स्पोजर भरपूर मिळेल’ हे वाक्य आजच्या एजन्सीवाल्यांनी शोधलं, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो दुरुस्त करून घ्यावा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. ती कोणी वाचली असतील, हे सांगायला नकोच.

आता यात टूथपेस्टवाल्याने काय केलं? कार्यक्रमाला स्वतःचं नाव दिलं आणि बाकी बरंचसं सोडून दिलं. गाण्यांचा क्रम लागायचा तो रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पसंतीवरून. दातांवरचं गाणं पहिल्या पायदानावर आलंच पाहिजे, अशी अट असलेली फाइल काही कोलंबोला गेली नाही. सयानी ‘बहनों और भाइयों’ म्हणायचे, बहिणींना आधी घेऊन, आणि बुधवारी रात्री आठ वाजता देश कानात तेल घालून बसायचा. कार्यक्रम वेगवेगळ्या रूपांत जवळपास चार दशकं चालला. टूथपेस्ट कधीच मागे पडली. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात बिनाका तोंडात घातली नसेल, अशांच्या तोंडीही बिनाका होती. कुठल्या ब्रँड मॅनेजरच्या फाइलने एवढं साधलंय?

आपल्या पेंढरकरांनाही हे उमगलेलं होतं. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ ही विनोदी मालिका आली, तिच्या मागे उभी होती त्यांची विको. परळात जन्मलेली, अस्सल मराठी कंपनी. लेखक शरद जोशी (हिंदीतले, कांद्याच्या भावातले नव्हे), दिग्दर्शक कुंदन शाह, आणि दर भागाला नवं सोंग घेऊन येणारे सतीश शाह. हळदीच्या क्रीमवाल्याने हास्याला पैसे दिले आणि अख्ख्या देशाला ते नाव पाठ झालं.

अमेरिकेतला किस्सा तर याहून झणझणीत आहे. जॅक बेनी नावाचा विनोदवीर १९३२ साली रेडिओवर आला, कॅनडा ड्राय या जिंजर एलच्या कृपेने. गड्याने जाहिरातीतही फिरकी घ्यायला सुरुवात केली. सहारा वाळवंटात महिनाभर पाण्याच्या थेंबावाचून भटकणारी माणसं भेटली, प्रत्येकाला एकेक ग्लास कॅनडा ड्राय दिलं, आणि काय सांगू, एकानेही ते आवडलं नाही असं म्हटलं नाही! श्रोते खो-खो हसले. कंपनी हसली नाही. १९३३ च्या जानेवारीत बेनीचं दुकान बंद. १९३४ मध्ये त्याला जेल-ओ हे जेलीवाले भेटले. त्यांनी त्याला मोकळं सोडलं. तो कार्यक्रमाची सुरुवातच ‘जेल-ओ अगेन’ म्हणून करायला लागला, नमस्काराच्या जागी चक्क जेली. जाहिरात मधल्या ब्रेकमध्ये उपरी येऊन बसायची नाही, नाटुकल्यातल्या पात्रांच्या तोंडून, टवाळीच्या ओघात यायची. ही सोयरीक १९४२ पर्यंत टिकली. पुढे युद्धामुळे साखरेची टंचाई आली, जेलीच करायची पंचाईत झाली, तेव्हा त्याच कंपनीने बेनीला आपल्या दुसऱ्या, नाश्त्याच्या मालाकडे वळवलं. माल बदलला, माणूस ठेवला. आपल्याकडे उलटा कारभार. माल तोच, दर तीन महिन्यांनी नवा ‘फेस’.

आता जरा अलीकडे येऊ. २०१४ चा ऑक्टोबर. ‘सिरियल’ नावाचा अमेरिकन पॉडकास्ट सुरू झाला. १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये झालेला एका शाळकरी मुलीचा खून, तुरुंगातला तिचा पूर्वीचा मित्र, आणि सेरा केनिग ही पत्रकार दर आठवड्याला ते प्रकरण पुन्हा उकलून बघतेय. जगभर लोक वेडे झाले. कार्यक्रमाला जाहिरात होती मेलचिंप या ईमेल पाठवणाऱ्या कंपनीची. विषय खुनाचा, प्रायोजक ईमेलचा. आपल्या मसालेवाल्याने इथे काय केलं असतं? ‘खुनी सापडत नाहीये? पण ग्राहक नक्की सापडतील!’

प्रत्यक्षात जाहिरात वीसेक सेकंदांची होती. वेगवेगळे अनोळखी आवाज, प्रत्येकाच्या वाट्याला एखाद-दुसरं वाक्य. त्यात एक मुलगी कंपनीचं नाव वाचायला जाते, अडखळते आणि विचारल्यासारखं म्हणते, ‘मेल... किम्प?’ बस. कार्यक्रमाच्याच मंडळींनी हे आवाज गोळा केले होते, आणि चुकलेला उच्चार तसाच ठेवला. ज्या कंपनीने पैसे मोजले तिचंच नाव जाहिरातीत चुकलं, आणि कंपनीने ते दर आठवड्याला जाऊ दिलं! लोक खुनाची चर्चा करता करता ‘मेलकिम्प’ची नक्कल करू लागले. कंपनीने तोंड वाकडं केलं नाही, उलट थट्टेत सामील झाली. ईमेल पाठवणारी कंपनी हा मुळात किती रुक्ष विषय! सरकारी टपालखात्याइतकाही त्यात रस नाही. तरी एका पोरीच्या अडखळण्याने तिचं नाव घरोघरी गेलं. हेच आपल्याकडे झालं असतं तर? फोन वाजला असता, ‘अहो, आमच्या सीएमडींच्या आजीचं नाव आहे ते. परत रेकॉर्ड करा. आणि ती मुलगी बदला.’

त्याच्या पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकने वेगळी चाल खेळली. विमानाची इंजिनं आणि दवाखान्यातली यंत्रं विकणारी ही त्या वेळची जाडजूड कंपनी. तिने ‘द मेसेज’ नावाची आठ भागांची विज्ञानकथा पॉडकास्टवर आणली. सत्तर वर्षांपूर्वी अंतराळातून आलेला एक ध्वनिसंदेश आणि तो उकलू पाहणारी मंडळी. कथेत इंजिनाचा भाव नाही, सवलतीचा कोड नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात ती आयट्यून्सच्या पॉडकास्ट यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. गंमत बघा, विमानाचं इंजिन पॉडकास्ट ऐकून कोणी घेत नाही, हे ज्यांना कळलं त्यांनी गोष्ट सांगितली. ज्यांचा माल तीस रुपयांच्या पाकिटात येतो आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतो, ते मात्र कोड फोडून सांगताहेत.

या सगळ्यावरून आमचं मत असं, की प्रायोजकाने यायचं तर लवकर यावं, विषय ठरतानाच खुर्ची ओढून बसावं, भांडावं, पैसे द्यावेत, आणि मग लेखणी ज्याची त्याच्या हातात ठेवून घरी जावं. तयार जेवणाच्या ताटात शेवटी येऊन पळी घालू नये. नुसतं मत देऊन सुटायला नको, म्हणून त्याच मसालेवाल्यासाठी एक कल्पना फुकट देतो. एजन्सीने यावर लाखभराचं बिल लावलं असतं.

एप्रिल-मे महिना. गल्लीतल्या डंकावर मसाला कांडायला रांग लागलीय. घरून भाजून आणलेले धने, खोबरं, दगडफूल, बादियान, डब्यात वेगवेगळे बांधलेले. बेडगी मिरची रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, लवंगी सासऱ्यांसाठी. डंकाची लोखंडी मुसळं धाड धाड पडताहेत, मालक त्या आवाजावर ओरडतोय, ‘पुढचा नंबर!’ रांगेतली प्रत्येक बाई ठसकतेय, शिंकतेय, आणि शिंकता शिंकता शेजारणीच्या डब्यात काय काय आहे ते डोळ्यांनी मोजतेय. हा निखळ ऑडिओ आहे. कॅमेरा नसला तरी नाकाला झोंबेल. कोल्हापुरात जाऊन कांदा-लसूण मसाला ऐका, मालवणात जा, आगरी पाड्यात जा, खानदेशात काळ्या मसाल्याची वर्षभराची तजवीज कशी करतात ते विचारा, पुण्यात गोड्या मसाल्यावरून दोन जावांचं भांडण रेकॉर्ड करा. सहा भाग होतात. सुरुवातीला एकच वाक्य, ‘हा कार्यक्रम अमक्या मसालेवाल्यांच्या पैशातून केलाय.’ संपलं.

आता परीक्षा पुढे आहे. तिसऱ्या भागात एक बाई माइकसमोर ठणकावून सांगणार, ‘पाकिटातला मसाला? आमच्याकडे कोणी हात नाही लावत त्याला.’ हे वाक्य कापायचं की ठेवायचं? मालकांच्या सूनबाई काय म्हणतील? ठेवलं, तर ऐकणारा मनात म्हणेल, हे वाक्य जाऊ देणारा मसालेवाला दमदार दिसतोय, एकदा पाकीट आणून बघू. कापलं, तर पुन्हा आपलं दहा टक्के आणि फोडलेली अक्षरं. कॅनडा ड्रायने काय केलं आणि मेलचिंपने काय केलं, ते वर आलंच आहे.

प्रायोजकांना एवढं झोडपल्यावर पॉडकास्टवाल्यांना गोंजारायचं कारण नाही. त्यातले पुष्कळजण गादीवर न झोपता गादीची शिफारस करतात. एकाच महिन्यात साखर सोडायला लावणारे आहारतज्ज्ञ आणि श्रीखंडाचा फॅमिली पॅक, दोघांनाही तेवढ्याच जिव्हाळ्याने मिठी मारतात. ब्रँडला दाखवायच्या डेकमध्ये रील्सचे, शॉर्ट्सचे आणि मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे आकडे एकत्र मिसळून ‘एकूण पोहोच’ म्हणून वाढतात. ऑनलाइन पैशांच्या खेळांची जाहिरात तर कित्येकांनी मनापासून केली. ‘यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा’ हे वाक्य अशा वेगात म्हणायचे, की ते मराठी आहे की तेलुगू याचा पत्ता लागू नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही बंद केल्या. पुढच्याच आठवड्यात ‘तरुणाई आणि जुगाराचं व्यसन’ या विषयावर भाग करायची तयारी याच मंडळींनी दाखवली. कोणाच्या खर्चाने, एवढंच ठरायचं होतं.

पैसे घेतलेत हे सांगायचीही यांना लाज. वास्तविक नियम स्वच्छ आहे. मुंबईच्या ‘अ‍ॅस्की’ने, म्हणजे जाहिरातवाल्यांनी स्वतःवरच नेमलेल्या पंचायतीने, १४ जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांसाठी नियमावली लागू केली. त्यात ऑडिओची वेगळी सोय आहे. ही जाहिरात आहे किंवा प्रायोजित आहे, हे सुरुवातीला सांगायचं, शेवटी सांगायचं आणि मधल्या प्रत्येक ब्रेकच्या आधी आणि नंतर सांगायचं. आमची मंडळी काय करतात? एकदाच, इंग्रजीत, दीड सेकंदात, ‘धिस एपिसोड इज इन कोलॅबोरेशन विथ’ म्हणतात आणि मग दोन तास अस्खलित मराठी. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्याला वर्षभर शिफारसबंदीसुद्धा. वस्तू तपासून बघितली होती, असं दाखवता आलं तर सुटका. म्हणजे गादीवर निदान एक रात्र झोपा. कायद्याचीच तशी अपेक्षा आहे.

फुकट मिळालेल्या वस्तूंचीही कथा आहे. ‘बार्टर’ म्हणतात त्याला. पैसे नाहीत, पण मिक्सर पाठवतो. आयकर खात्याने जुलै २०२२ पासून १९४ आर हे कलम आणून या आनंदावर पाणी ओतलं. धंद्याच्या ओघात मिळालेल्या अशा भेटींची किंमत वर्षाला वीस हजारांच्या वर गेली, की दहा टक्के करकपात. खात्याने सोबत खुलासाही केला. वस्तू वापरून दाखवली आणि परत केली, तर तो लाभ धरायचा नाही. ठेवून घेतली, तर धरायचा. त्यामुळे ‘आमच्या घरातला हा अविभाज्य घटक’ असं ज्या मिक्सरविषयी ऐकलंत, तो मार्चअखेर खोक्यात भरून कंपनीकडे निघालेला असण्याची शक्यता बरीच आहे.

राहता राहिला खरा विषय, पैसे हातात पडण्याचा. कॅफेत ‘पार्टनर, पार्टनर’ म्हणून गळ्यात पडणारी एजन्सी बिल पाठवल्यावर फोन उचलत नाही. ‘आमचं नव्वद दिवसांचं सायकल आहे’, ‘क्लायंटकडून यायचंय’, ‘अकाउंट्सवाले सुट्टीवर आहेत’, ‘तुमचं जीएसटी बरोबर आहे ना?’ अशी ठरलेली चार वाक्यं. नव्वदचे एकशेवीस होतात. पॉडकास्टवाला कलावंत पडला, पैसे मागताना त्याचा आवाज बारीक होतो. त्याला माहीत नसतं, की २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्याचं बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकतं करावं लागतं. सेवा देणाराही त्यात येतो, आणि आवाज विकणं ही सेवाच आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. लेखी करारच नसेल तर मुदत पंधरा दिवसांची. शिवाय आता आयकराचा नियम असा, की वेळेत न दिलेलं बिल वर्ष संपेपर्यंतही चुकतं केलं नाही, तर कंपनीला ते त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. नैतिकतेने जे जमलं नाही ते या कलमाने जमेल. मार्च जवळ आला की सुट्टीवरचे अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात.

तेव्हा पॉडकास्टवाल्यांनो, पुढच्या बैठकीला जाण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या. नंतर करून मागच्या बिलांना उपयोग होईलच असं नाही. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन टाकून ती घरबसल्या होते, आणि तिला एक रुपयाही फी नाही. कोणी दोन हजार मागितले तर तो दलाल आहे, त्याच्याबरोबर पार्टनरशिप करू नका.